टाकीच्या शिडीवरची बाई

त्या दिवशी सकाळी हेमांगीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाहिलं, तर टाकीच्या शिडीवरची बाई आणखी एक पायरी खाली उतरली होती.

नुसत्या डोळ्यांना तिथे टाकीही दिसत नव्हती आणि शिडीही. इचलकरंजीच्या शिवेवरची एक बंद पडलेली सूतगिरणी, तिचं मोकळं आवार, कडेला बाभळी आणि फाटकापाशी तिकिटाची टपरी, एवढाच तो कारभार. पण टपरीवर मिळणारा हलकासा चष्मा घातला, की त्या आवारात पेन्सिलीने काढलेली एक अख्खी जत्रा उभी राहायची. उलटे ढोल टांगलेला आकाशपाळणा, डांबराच्या समुद्रात हेलकावणाऱ्या होड्या, यंत्रमागावर सुताबरोबर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसलेली माणसं आणि सगळ्यांच्या मागे, गिरणीच्या धुराड्याला भिडेल इतकी उंच, पत्रा सोललेली पाण्याची टाकी. सगळं काळ्या-करड्या रेघांचं. आपण चालत गेलो की रेघा बाजूला होऊन वाट देत आणि मागे पुन्हा जुळत.

तिचं नाव गंजनगरी. ‘गंज’ नावाचा रॉक बँड आता फारसा कुणाला आठवत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटावर गिटार वाजवणारी इचलकरंजीची चार पोरं, दोन वर्षं गाजली, आपापसात भांडली आणि पांगली. त्यांचा गायक हल्ली जयसिंगपुरात प्लॉट विकतो आणि गिऱ्हाइकाने गाण्याचा विषय काढला की कानावर हात ठेवतो. पण त्यांच्या गाण्यांनी वेडी झालेली तीन कॉलेजची मुलं होती. त्यांना वाटायचं, या गाण्यांच्या आत जाऊन हिंडता आलं पाहिजे, पाळण्यात बसता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी एका जत्रेची चित्रं काढायला घेतली आणि पाच वर्षं काढतच राहिली.

हेमांगी कोष्टी, इर्शाद बागवान आणि पार्श्व मगदूम ही ती तिघं.

त्यांचा एक नेम होता. आपण सुरू केलेलं चित्र आपण पुरं करायचं नाही. अर्ध्यात थांबायचं, कोपऱ्यात सही ठोकायची आणि कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा. पुरं करणाऱ्याने सही करायची नाही आणि आपला वाटा सांगायचाही नाही. कागद सुरू करणाऱ्याचा, बस्स. ‘गंज’ची पोरंही गाणी अशीच करायची, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने तोडायचं, असं कुठल्याशा मुलाखतीत ऐकून त्यांनी ते उचललं होतं. पुढेपुढे ते इतकं अंगवळणी पडलं, की पार्श्वचं चित्र म्हटलं की तिघांच्याही डोळ्यांपुढे पार्श्वच यायचा, निम्म्या रेघा दुसऱ्या कुणाच्या असल्या तरी.

मग सांगली रस्त्यावर एका ट्रॅक्टरला धडकून पार्श्व गेला आणि जत्रा तिथेच थांबली. इर्शाद पुण्याला गेला. हेमांगी साड्यांच्या काठांची नक्षी काढण्याच्या नोकरीत रुळली, लग्न केलं, बरं चाललं होतं.

इर्शाद परत आला तो एक यंत्र घेऊन. त्याला त्याने नाव दिलं होतं ‘हात’.

कागदावर पेन्सिल चालते तेव्हा ती नुसती काळी रेघ सोडत नाही, कागदात एक बारीक चर पाडते. जोर जास्त तिथे चर खोल. रेघ ज्या दिशेला ओढली त्या दिशेला शिशाचे कण ढकलले जातात आणि रेघ संपते तिथे त्यांचा इवलासा ढीग साठतो. हात थबकला असेल तर चर तिथे किंचित रुंदावतो. हे डोळ्यांना दिसत नाही, पण इर्शादच्या यंत्राला दिसतं. त्यावरून कुठली रेघ आधी आली, कुठली नंतर, मनगट कुठे वळलं, कुठे बिचकलं, हे ते परत जुळवतं. एका चित्रावरून फार काही कळत नाही. पण एका हाताची शेकडो चित्रं मिळाली, की यंत्र अंदाज बांधायला लागतं : एवढं काढल्यावर हा हात पुढे कुठे गेला असता? आणि मग ते पुढे जातं, दिवसामागून दिवस, न थकता.

“मी पार्श्वला परत आणलेलं नाही, हे आधीच सांगतो,” इर्शादने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “त्याच्या मनातलं यात काही नाही. आठवणी नाहीत. फक्त मनगटाची सवय आहे.”

हेमांगीने मान डोलावली होती. माणसं अशा वेळी मान डोलावतातच.

तिघांचे जुने कागद यंत्रात घातल्यावर बंद गिरणीच्या आवारात गंजनगरी तीन भागांत वाढू लागली. पाळणे इर्शादच्या हाताचे, डांबराचा समुद्र हेमांगीचा आणि टाकीचा सगळा परिसर पार्श्वचा. ‘टाकीतला आवाज’ हे ‘गंज’चं गाणं त्याचं फार लाडकं होतं. रिकाम्या टाकीत तोंड घालून एक पोरगा हाक मारतो आणि उलट येणारा आवाज त्याचा नसतो, असं ते गाणं. सुरुवातीला टाकीभोवती नुसते पाइप आणि तोट्या उगवत होत्या. मग एके दिवशी शिडीच्या अगदी वरच्या टोकाला ती बाई दिसली. लोखंडी शिडीवरून उतरताना माणूस शिडीकडे तोंड करतं, तशी ती आपल्याकडे पाठ करून उभी होती. बारीक अंगलट, कोपरात मोडलेला हात आणि डाव्या खांद्यावर ओढणीची गाठ.

ओढणीची गाठ डाव्या खांद्यावर सबंध कॉलेजात एकच मुलगी मारायची. ती स्वतः हेमांगी.

तेव्हापासून ती रोज येऊ लागली. कधी कामावर जाण्याआधी, पुढे कामाला बुट्टी मारून. बाई एकेक पायरी उतरत होती. पार्श्व मला काढतोय, हे तिने एकदा मनाशी म्हणून पाहिलं आणि मग ते तिच्या मनातून जाईना. पाच वर्षं शेजारी बसून एकाच रबराने खोडत आलेला तो माणूस. कधी एका शब्दाने काही बोलला नाही. मग हाताला हे कुठून सुचलं?

घरी तिच्या नवऱ्याची, सत्यजितची, नागपूरची बदली आली होती. वीजमंडळातला सरळ माणूस, बायकोच्या जत्रेची थट्टा करायचा पण कधी आडवा आला नव्हता. त्या दुपारी तो खोक्यांत भांडी भरत होता आणि हेमांगी दारातून आत आली.

“आलीस? मला वाटलं आज तिथेच पाळण्यात झोपतीस.”

“सत्या, मी नागपूरला नंतर आले तर?”

त्याने कुकरचं झाकण वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग पुन्हा उघडलं. “नंतर म्हणजे कधी?”

“ते चित्र पुरं होऊ दे. ती बाई खाली आली, की मला कळेल.”

“काय कळेल?”

हेमांगी सांगणार तरी काय? मेलेल्या मित्राचं आपल्यावर प्रेम होतं का, एवढं कळलं की येते, असं कुठली बायको सांगणार? पण सत्यजित काही कुक्कुलं बाळ नव्हता.

“त्याचं होतं असं धर,” तो हळू आवाजात म्हणाला. “मग? काय करणार आहेस?”

“माहीत नाही.”

“मग माहीत झालं की सांग. सामान आठवड्यानं जायचंय.” आणि तो पुन्हा भांड्यांकडे वळला. तो ओरडला असता तर हेमांगीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी टाकीपाशी तिला पद्मजाकाकू भेटल्या. पार्श्वची आई. त्याही रोज यायच्या, घरून डब्यात चिरमुरे आणायच्या आणि टाकीसमोरच्या दगडावर बसून पोराचा हात चालताना बघायच्या. हवेत रेघ उमटे, थांबे, पुन्हा उमटे. काकू मधूनच “हां, असंच” म्हणायच्या, जणू तो अजून पाटीवर गिरवतोय.

“आलीस व्हय गं? बस. घे थोडं.”

“काकू, ही बाई कोण असेल वो?”

काकूंनी चष्मा नाकावर सरकवला. “कोण जाणे. तो कधी बायकामाणसं काढायचा न्हाई. घरात माझंसुद्धा काढलं न्हाई कधी. मी म्हणायची, अरे आईचं एक तरी काढ. तर म्हणायचा, माणसं मला जमत न्हाईत.” त्या समाधानाने हसल्या. “आता जमाय लागली बघ.”

हेमांगीने मुठीतले चिरमुरे तोंडात टाकले नाहीत. ती उठून शिडीपाशी गेली, अगदी रेघांना नाक लागेल इतकी जवळ. आजवर ती बाईचा आकार बघत आली होती. आज तिने पहिल्यांदा छायेच्या रेघा बघितल्या. टाकीच्या पत्र्यावर छाया देताना पार्श्वच्या तिरप्या रेघा उजवीकडे झुकलेल्या होत्या, उजव्या हाताने लिहिणाऱ्या कुणाच्याही झुकतात तशा. बाईच्या पाठीवरच्या रेघा डावीकडे झुकल्या होत्या.

हेमांगी डावखुरी होती. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या होत्या, पण हात बदलला नव्हता. स्वतःच्या रेघांचा तो झुकाव तिने झोपेतही ओळखला असता. कुणीतरी मागून येऊन आपलाच हात आपल्या खांद्यावर ठेवावा, तसं तिला झालं.

इर्शादचं ऑफिस म्हणजे गिरणीची जुनी कापूस-खोली. तिने काय पाहिलं ते सांगितलं तेव्हा तो चहा ओतत होता. त्याने कप तसाच ठेवला आणि मूळ कागदांची छायाचित्रं पडद्यावर मोठी केली. एक, दोन, दहा. प्रत्येक कागदावर कोपऱ्यात पार्श्वची सही. प्रत्येक कागदात दोन्ही झुकाव.

“या अल्ला,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“मी सह्या बघून ढीग लावले, हेमा. पार्श्वची सही असलेले सगळे कागद पार्श्वचे म्हणून यंत्राला दिले. आपला नेमच तसा न्हवता काय, कागद सुरू करणाऱ्याचा? मला एकदासुद्धा शंका आली नाही. बाहेरचा कोणी असता ना, तर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, यात दोन हात कसे म्हणून.”

“म्हणजे ते दोन हात एक करून...”

“तेच. यंत्राला वाटलं, हा एकच माणूस आहे. सुरू उजव्यानं करतो आणि पुरं डाव्यानं. त्याचे बहुतेक कागद तूच पुरे करायचीस. टाकी त्याची. शिडी त्याची.” तो अडखळला. “बाई तू काढतीयस.”

हेमांगीला राग आला, लाज वाटली आणि त्याहून वाईट म्हणजे अजूनही आशा वाटत होती.

“वेगळे करता येतील हात?”

“येतील. सोपं आहे, झुकाव बघून रेघा निवडायच्या. पण मग आत्ताची टाकी राहणार नाही. यंत्र दोन्ही हात पहिल्यापासून शिकेल आणि सगळं नव्यानं काढेल. पार्श्वचा हात एकटा काय काढेल, काढेल तरी का, सांगता येत नाही. आणि काकू रोज येऊन बसतात.”

“मला त्याचा एकट्याचा बघायचाय. त्यानं कुठेतरी मला काढलं असेल, तर ते त्याच्यातच असेल.”

“आणि काकूंना काय सांगायचं?”

“मी सांगते,” हेमांगी म्हणाली.

टाकीसमोरच्या दगडावर काकूंशेजारी बसून तिने ते सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. हातातला डबा बंद केला, पदराने पुसला, पुन्हा उघडला.

“म्हंजे इतके दिवस मी ‘असंच, असंच’ म्हणत हुते, ते निम्मं तुला म्हणत हुते?”

“हो काकू.”

“आणि तुझं ते बाजूला काढलं, की त्याचं काय उरंल?”

“कमी उरेल. काही पुरं होणार नाही. त्यानं कधी काही पुरं केलंच नाही ना, आमच्या नेमामुळे. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही हात लावणार नाही. शपथ.”

काकू टाकीकडे बघत राहिल्या. हवेत एक रेघ चालली होती, बाईच्या टाचेपाशी. सुबक, गोल टाच. कुणालाही वाटलं असतं, काय हात आहे.

“पोरी, तुझं चित्र चांगलंय,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण मला चांगलं चित्र नको. मला माझा पोरगा पाहिजे. अर्धा असला तरी चालंल. तेवढाच माझा.”

रेघा निवडायला आणि दोन्ही हात नव्याने शिकवायला इर्शादला आठवडा लागला. ज्या दिवशी गंजनगरी पुन्हा उघडायची होती, त्याच दिवशी सत्यजितने सामानाचा ट्रक पुढे लावून दिला होता. तो गाडी घेऊन फाटकापाशी आला आणि हेमांगीला वाटलं तो बाहेरच थांबेल. पण त्याने टपरीवरून एक चष्मा घेतला आणि आत आला. पहिल्यांदाच.

“बघू तरी,” तो म्हणाला, “मी कुणाशी भांडतोय ते.”

इर्शादने दोन्ही हात वेगवेगळे मांडले होते, आवाराच्या उजवीकडे पार्श्वचा आणि डावीकडे हेमांगीचा. ती आधी उजवीकडे गेली.

टाकी होती. पहिल्यासारखीच उंच, पत्रा सोललेली. शिडी होती. पण शिडी जमिनीला टेकत नव्हती, मधेच थांबली होती. पलीकडे एक होडी, तिला तळ नव्हता. एक खुर्ची, तीन पायांची. एक दार, चौकटीविना. हात चालू होता. हेमांगीच्या डोळ्यांदेखत त्याने एक पूल काढायला घेतला, तीन रेघांत असा जिवंत केला की त्यावर पाय ठेवावासा वाटला, आणि अर्ध्यावर सोडून बाजूला दुसरं काही सुरू केलं. ती त्या सगळ्यातून हिंडली, प्रत्येक कोपरा बघितला. माणूस कुठेच नव्हतं. डाव्या खांद्यावर गाठ नव्हती. पाच वर्षांत पार्श्वच्या हाताने तिला एकदाही काढलेलं नव्हतं, हातातून निसटून, चुकून, एवढंसंसुद्धा नाही.

पद्मजाकाकू तीन पायांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या होत्या. “ह्योच,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “ह्योच गं बाई. असाच हुता. अर्ध्यातून उठून जायचा.” त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि चेहरा मात्र हसरा होता.

हेमांगीला रडू आलं नाही. कोरडं, मोकळं वाटलं. झालं, कळलं, आता जाऊ, असं म्हणून ती वळली. तेवढ्यात तिला दिसलं, की सत्यजित आवाराच्या डाव्या बाजूला उभा आहे आणि मान वर करून काहीतरी बघतोय.

ती त्याच्याजवळ गेली. तिथे ना टाकी होती, ना शिडी. होती ती नुसती बाई. अधांतरी, दोन्ही मुठी मिटलेल्या पण त्यांत दांडे नाहीत, पाय टेकलेले पण खाली पायरी नाही. इर्शाद मागून येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “शिडी होती तोवर तिला पाठ करून उतरावं लागत होतं. आता शिडीच नाही. आता हा हात तिला कसं उभं करेल, मलाही ठाऊक नाही.”

बाईच्या मुठी सुटल्या. खांद्याची रेघ पुसट झाली आणि नव्याने उमटली, मग मानेची. ती वळत होती. डावीकडे झुकलेल्या बारीक रेघांनी तिचा गाल भरत आला, मग ओठ, मग डोळे. बावीस वर्षांची हेमांगी. उजवीकडे, जिथे टाकी होती तिकडे, ती बघत होती. बघून हसत होती. कुणाची तरी चाहूल लागावी, आणि तो तोच निघावा, म्हणजे माणसाचं तोंड जसं उजळतं, तसं तिचं तोंड उजळलं होतं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. ते बघून कुणालाही कळलं असतं. हेमांगीला मात्र इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

ती विचारत आली होती, त्याचं माझ्यावर होतं का. दुसरा प्रश्न तिला सुचलाच नव्हता.

सत्यजितने चष्मा काढला, काड्या नीट मिटल्या. “बंद करता येतं काय रे हे?” त्याने इर्शादला विचारलं.

“येतं. पण हात तिचा आहे. तिनं सांगायला पाहिजे.”

दोघं तिच्याकडे बघू लागले. तिच्या तोंडून ‘कर बंद’ निघायला एक क्षण पुरला असता. तिने तोंड उघडलंही. वरची मुलगी हसतच होती, समोरच्या अर्धवट राहिलेल्या चित्रांकडे बघून, आणि हेमांगीला तिची दया आली. ही खोडली तर असं प्रेम एकेकाळी होतं, हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

“राहू दे तिला,” ती म्हणाली. “राहू दे इथंच. मी येते नागपूरला. आत्ता, तुझ्याबरोबर.”

सत्यजितने खुणेनेच वर दाखवलं, चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नव्हतं तरी.

“ती इथं राहणार,” तो म्हणाला, “मग माझ्याबरोबर कोण येणार?”

हेमांगी वर त्या मुलीकडे बघत राहिली, आणि तो फाटकापाशी जाऊन गाडीचं दार उघडं धरून उभा राहिला.